अजगर किती फुटी घ्यावा?

"ताई, आम्ही ट्रेलर घेतला!" असा फोन आला की पुढे काय येणार ते मला आता पाठ झालंय. आधी त्या ट्रकमागे ओढायच्या चाकांवरच्या घरातल्या सोफ्याचं आणि ओव्हनचं पाच मिनिटं कौतुक, मग आवाज जरा खाली आणून, "ते संडासाचं पाणी सोडायचा पाईप असतो ना, तो १० फुटी घ्यायचा की २० फुटी?" आवाज खाली आणायचं खरं तर काही कारण नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर निघायच्या दिवशी सकाळी बघा, निम्मी मंडळी हातमोजे घालून हेच काम करत असतात.

आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे. नवरा ट्रक चालवतो, ट्रेलर मागे घेतो, आणि मैल्याचा विषय निघाला की त्याला नेमका ऑफिसचा फोन येतो. माझी तक्रार नाही. मी सिव्हिलची डिप्लोमावाली, सांगलीच्या ओव्हरसियरची मुलगी. ढाळ, जोड, गळती हे शब्द जेवणाच्या पाटावर ऐकत मोठी झाले. आता कोलोरॅडोतल्या अरोरामध्ये राहते, दारात २६ फुटी ट्रेलर उभा आहे, आणि त्याचे व्हॉल्व्ह माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

या पाईपला आम्ही आधी 'सोंड' म्हणायचो. ३ इंच व्यासाचा, वळ्यावळ्यांचा, दाबला की आखडणारा आणि ओढला की लांब होणारा, दिसतोच तसा. आई भारतातून आली तेव्हा तिने हे ऐकलं आणि नेमकी त्या दिवशी चतुर्थी होती. "कशाला काय नाव देता गं?" तेव्हापासून तो अजगर झाला. तर अजगर किती फुटी घ्यावा, हे सांगते.

माझं पहिलं म्हणणं असं की प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. "माझा ट्रेलर २४ फुटी आहे, मग पाईप किती?" याला उत्तर नाही. पाईपची लांबी ट्रेलर ठरवत नाही, कॅम्पग्राउंडच्या जमिनीतल्या ड्रेनेज पाईपचं तोंड कुठे आहे ते ठरवतं, आणि ते दर मुक्कामी वेगळ्या जागी असतं. आपल्या हातात एवढंच आहे की ट्रेलरच्या बाजूची मापं पक्की माहीत करून ठेवायची आणि पाईप तुकड्यांमध्ये घ्यायचा.

टेप काढा

ट्रेलर दारात उभा असतानाच हे काम उरका. तीन मापं घ्यायची आणि मार्करने सामानाच्या कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून टाकायची.

पहिलं, मैल्याचं तोंड, म्हणजे ट्रेलरच्या टाकीतलं पाणी जिथून बाहेर पडतं ते, मागच्या बंपरपासून किती पुढे आहे. ते ट्रेलरच्या डाव्या बाजूला, म्हणजे इथल्या ड्रायव्हरच्या बाजूला, खाली असतं. माझं बंपरपासून १० फूट पुढे आहे. दुसरं, ते बाहेरच्या भिंतीपासून किती आत दडलंय. हे माप लोक हमखास विसरतात. भिंत बाहेर सरकणारा ट्रेलर असेल, ज्याला इथे स्लाइड म्हणतात, तर भिंत बाहेर काढल्यावर तोंड तिच्या पोटाखाली जातं आणि पाईपचे दोन-तीन फूट नुसते अंधारात खर्ची पडतात. तेव्हा हे माप स्लाइड बाहेर काढूनच घ्या. माझं १४ इंच आत आहे. आमची स्लाइड पुढच्या बाजूला असल्यामुळे मी सुटले. तिसरं माप, तोंड जमिनीपासून किती उंच. माझं १४ इंच. याचा उपयोग ढाळ बघताना होतो, त्याकडे पुढे येते.

तुमच्या ट्रेलरला दोन तोंडं असतील तर सगळं दोनदा मोजा. लांब ट्रेलरमध्ये, विशेषतः स्वयंपाकघर एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला असेल तर, सिंकच्या पाण्याची टाकी वेगळी असते आणि तिचं तोंडही वेगळं, पहिल्यापासून चांगलं लांब. मग एक तर पाईप एका तोंडाचा काढून दुसऱ्याला लावत बसायचं, नाही तर इंग्रजी Y च्या आकाराचा वाय जोड घेऊन दोन्हीकडून पाईप आणायचे. वाय घ्यायचं ठरवलंत तर दोन तोंडांमधलं अंतर तुमच्या खरेदीत सरळ मिळवा. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

जमिनीकडचं टोक

कॅम्पग्राउंडवर बहुतेक ठिकाणी नळ, वीज आणि ड्रेनेज ट्रेलरच्या डाव्या अंगाला, मागच्या अर्ध्या भागात दिलेलं असतं. 'बहुतेक' म्हटलं, कारण जुन्या जागांवर ज्याला जिथे खणावंसं वाटलं तिथे त्याने खणलेलं आहे.

माझ्या मापांवर तीन नमुने मांडून दाखवते.

सोपा नमुना. ट्रेलर उभा केला की जमिनीतलं तोंड माझ्या तोंडाच्या जवळपास समोर येतं, भिंतीपासून ३ फुटांवर. आतले १४ इंच धरून सव्वाचार फूट आडवे, वरून खाली उतरायचा एक फूट, वळणाला थोडं. साडेसहा फुटांत काम होतं. १० फुटी पाईप पुरून उरतो.

नेहमीचा नमुना. मागे घेऊन उभं करायची जागा, आणि तोंड पार बंपरच्या रेषेत. म्हणजे १० फूट मागे आणि सव्वाचार फूट बाजूला. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो: तिरकं अंतर जवळजवळ ११ फूट. उतरायला एक फूट आणि दोन्ही टोकांच्या वळणाला एक फूट धरा. झाले १३.

अवघड नमुना. आरपार जाणारी जागा, एकीकडून शिरायचं आणि दुसरीकडून बाहेर पडायचं. अशा ठिकाणी तोंड कधीकधी मोठ्या मोटरहोमच्या, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घरगाडीच्या, सोयीने, चांगलं मागे ठेवलेलं असतं. मी आणखी मागे जावं तर ट्रेलरची शेपूट रस्त्यावर, पुढे जावं तर पाईप पोचत नाही. एकदा असंच १७ फूट भरलं होतं.

आता दुकानातल्या आकड्याबद्दल. पाकिटावर १० फूट लिहिलेलं असतं ते पाईप पूर्ण ताणल्यावरचं. पण हा पाईप स्प्रिंगसारखा आहे; पूर्ण ताणला की तो परत आखडायला बघतो आणि सगळा जोर दोन टोकांच्या जोडांवर देतो. माझा साधा हिशोब असा की १० फुटांतले दीड फूट विसरायचे. १० फुटीचे साडेआठ, १५ फुटीचे पावणेतेरा, २० फुटीचे १७. या हिशोबाने दुसऱ्या नमुन्याला १५ फुटी पाईप कसाबसा पोचतो न पोचतो, आणि २० फुटी आरामात पोचतो. तिसऱ्याला २० फुटीही काठावर.

हा दीड फुटाचा हिशोब मला कुणी शिकवला नाही, वायोमिंगमधल्या एका कॅम्पग्राउंडवर तो माझ्या बुटांवर लिहिला गेला. ट्रेलर घेऊन आम्हाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. जवळ एकच १० फुटी पाईप, तोही स्वस्तातला, पातळ. जमिनीतलं तोंड माझ्या हिशोबाने बरोबर १० फुटांवर. मी ओढला, ओढला, शेवटची वळी सरळ होईपर्यंत ओढला, आणि एल्बो, म्हणजे पाईपच्या टोकाचा वाकडा जोड, त्या तोंडात टेकवला. बसला. मी समाधानाने व्हॉल्व्ह उघडला. पाण्याचं वजन पाईपमध्ये शिरलं, मधला भाग खाली लोंबला, लोंबल्याने लांबी कमी पडली आणि एल्बो टुणकन बाहेर आला. व्हॉल्व्ह बंद करायला मला दोन सेकंद लागले असतील. दोन सेकंदांत ३ इंची पाईपमधून किती जातं ते मोजायच्या मनःस्थितीत मी नव्हते. शेजारची बाई मात्र देवमाणूस. काही न बोलता ब्लीचची बाटली आणि बादली कुंपणावरून दिली.

त्या दिवसापासून दोन गोष्टी मी सोडलेल्या नाहीत. जमिनीच्या तोंडाला टेकवायचा एल्बो नाही वापरायचा, आटे असलेला वापरायचा. त्याच्या आट्यांना पायऱ्या असतात, त्यामुळे तो ३ इंची तोंडातही घट्ट फिरतो आणि ४ इंचीतही. आणि दुसरी, ट्रेलर ट्रकपासून सोडायच्या आधी खाली उतरून अंतर बघायचं. ट्रेलर ट्रकला जोडलेला असताना तो ३ फूट पुढे-मागे घेणं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. तोच खाली टेकवून, लेव्हल करून, पाय सोडून झाल्यावर हलवायचा म्हणजे नवराबायकोचं भांडण. नवरा ट्रकमध्ये बसलेला असतो आणि मी टेप घेऊन मागे. मी हात वर केला की तो इंजिन बंद करतो.

मग २५ फुटीच का घेऊ नये?

हा पुढचा प्रश्न ठरलेला. लांब घेतला की सगळीकडे पुरेल, असं वाटणं साहजिक आहे. पण हा पाण्याचा नळ नाही. नळाच्या पाईपमध्ये मागून दाब असतो, तो चढावरही जातो. इथे दाब नाही, आहे तो फक्त ढाळ. आणि जे वाहायचंय ते नुसतं पाणी नाही.

आई-बाबा आले त्या उन्हाळ्यात आम्ही यलोस्टोनला गेलो. दोघंही सत्तरीच्या पुढचे, रात्री दोनदा-तीनदा उठणारे, तेव्हा जागेवर ड्रेनेज असलेलं कॅम्पग्राउंडच हवं होतं. यलोस्टोनमध्ये असं एकच आहे, फिशिंग ब्रिज. ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे तिथे तंबू चालत नाही, टणक भिंतींची गाडीच लागते. आईला अस्वलाची धास्ती, बाबांना ड्रेनेजची उत्सुकता. मी पाईप लावत होते तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारीच बसले.

त्या जागेवर माझं काम ९ फुटांचं होतं आणि मी आळसाने आधीपासून जोडलेला २० फुटी अजगर तसाच टाकला होता. तो नागमोडी पसरला, मध्ये एका जागी खळग्यात बसला. बाबा म्हणाले, "अगं, मोरीला देतो तेवढा तरी ढाळ दे. हे पाणी जाणार कुठे, तिथेच बसणार." मग त्यांनी पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली, पाईपवर आडवी ठेवली आणि तिची पाणसळ केली. बुडबुडा कुठे सरकतो बघत ते फूट-फूट पुढे गेले. तीन ठिकाणी ढाळ उलटा निघाला. बत्तीस वर्षं सरकारी रस्त्यांची गटारं तपासलेला माणूस. त्यांचा त्या सुट्टीतला सगळ्यात आनंदाचा अर्धा तास तो असावा.

हिशोब सांगते. ढाळ फुटाला पाव इंच मिळाला की उत्तम, म्हणजे आपल्याकडचे गवंडी ज्याला मीटरला २ सेंटिमीटर म्हणतात तेवढाच. २० फुटांना ५ इंच झाले. माझं तोंड १४ इंचांवर. जमिनीतला पाईप जमिनीबरोबर असेल तर मजा आहे. पण पुष्कळदा तो चार-सहा इंच वर आलेला असतो, त्यावर एल्बो बसला की पाण्याला आणखी चार-पाच इंच चढावं लागतं. म्हणजे १४ मधले १० तिथेच गेले. उरलेल्या ४ इंचांत २० फुटांचा ढाळ बसत नाही, १५ फुटांचा जेमतेम बसतो, १० फुटांचा आरामात. लांबी जितकी जास्त तितका ढाळ पातळ, हे एकदा डोक्यात बसलं की २५ फुटीचा मोह जातो.

आणि पाईपमध्ये बसून राहिलं तर किती राहतं? ३ इंची पाईप पूर्ण भरला तर १० फुटांत साधारण १४ लिटर मावतं, २० फुटांत २८. लोंबलेल्या पाईपमध्ये त्यातलं निम्मं जरी अडकलं तरी काढताना तुमच्या हातात १४ किलोंचा अजगर आहे, आणि तो भरल्या पोटाचा आहे.

म्हणून तुकडे. माझ्याकडे दोन १० फुटी आणि एक ५ फुटी आहे. जिथे साडेआठ फुटांच्या आत काम आहे तिथे एकच १० फुटी. नेहमीच्या नमुन्याला १० आणि ५ पुरत असेल तर तेवढंच, नाही तर दोन १० फुटी थोडे आखडून. अवघड जागी तिन्ही. गरजेपेक्षा एक तुकडाही जास्त जोडायचा नाही. जास्तीची लांबी उरलीच तर पाईप नागमोडी पसरू न देता आखडून सरळ ठेवायचा. आखडलेला पाईप वाहतो, वेटोळं घातलेला अडवतो.

यावर कुणी म्हणतं, तुकडे म्हटले की जोड वाढले, जोड वाढले की गळती. खरं आहे, जोड ही दुखरी जागाच. पण एक तुकडा फाटला तर तेवढाच बदलता येतो, आणि १० फुटीचा तुकडा धुवायला, वाळवायला, ठेवायला सोपा. जोड बसवताना एका टोकाचे हुक दुसऱ्याच्या खुंट्यांवर ठेवून पूर्ण पीळ द्या, हाताला 'टक' जाणवलं पाहिजे. अर्धवट पीळ हा गळतीचा पहिला जनक. आतली रबरी रिंग दरवर्षी बघा; चपटी झाली असेल तर बदला. दोन रिंगा जास्तीच्या जवळ ठेवा, अगदी क्षुल्लक पैशांत मिळतात.

ढाळ टिकवायला ॲकॉर्डियनसारखा उलगडणारा प्लॅस्टिकचा आधार मिळतो, शिडीसारखा, एका टोकाला उंच आणि दुसऱ्याला बुटका. तो पाईपच्या लांबीला साजेसा घ्या. १५ फुटांच्या आधारावर २० फुटी पाईप टाकला की शेवटचे ५ फूट जमिनीवर लोळतात. वाऱ्याच्या जागी मी पाईप त्याला पट्ट्यांनी बांधते. एका रात्री वाऱ्याने पाईप आधारावरून उतरवला होता आणि सकाळी आईच्या आंघोळीचं पाणी उलट न्हाणीत यायला लागलं होतं.

डंप स्टेशनचं गणित वेगळं

जागेवर ड्रेनेज नसेल तर निघताना टाक्या भरलेल्या घेऊन डंप स्टेशनला, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या सामाईक जागी, जायचं. योसेमिटीत असंच, तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप, म्हणजे जागेवर नळ-वीज-ड्रेनेजची जोडणी, नाहीत. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर दोन्ही प्रकार एकमेकांना लागून आहेत: ट्रेलर व्हिलेजमध्ये सगळे हुकअप, शेजारच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये काहीच नाही, फक्त डंप स्टेशन. भांड्यांचं पाणी झाडाखाली ओतून मोकळं व्हायचा विचार नॅशनल पार्कमध्ये करू नका, त्याला मनाई आहे.

डंप स्टेशनला लांबीची चिंताच नको. तुम्हीच गाडी तोंडाशेजारी नेऊन उभी करता. १० फुटी एक तुकडा, बास. तिथे तोंड सहसा आट्यांचं नसतं, बहुतेक ठिकाणी पायाने उघडायचं झाकण असतं. एल्बो आत घालून वर दगड ठेवायचा. बहुतेक ठिकाणी एक भला दगड किंवा वीट ठेवलेलीच असते, कुणीतरी आपल्याआधी ठेवलेली. मागे रांग असते, तेव्हा २० फुटी धुवत बसायला कुणी वेळ देत नाही हे आणखी एक कारण.

क्रम सगळीकडे सारखा. टोपण काढण्याआधी खाली बादली, कारण व्हॉल्व्ह बंद असूनही टोपणामागे थोडं साठलेलं असू शकतं. आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची. ती पूर्ण गेली की ग्रे, म्हणजे सिंक-आंघोळीची. साबणाच्या पाण्याने पाईप आतून धुतला जातो. जागेवर ड्रेनेज आहे म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह दिवसभर उघडा टाकू नका. पाणी निघून जातं, घट्ट ते मागे राहतं आणि त्याचा आत ढीग बनतो. दोन तृतीयांश भरू द्या आणि मग एकदम सोडा. पाईप धुवायचा नळीचा तुकडा वेगळ्या रंगाचा ठेवा, पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी तिथे जवळपासही आणायची नाही. आमच्या घरी हा एकच नियम आहे ज्यावर माझा आवाज चढतो.

थोडं इतर

ठेवायचं कुठे हे खरेदीआधी बघा. पुष्कळ ट्रेलरांचा मागचा बंपर ४ इंची चौकोनी पोकळ नळी असतो, दोन्ही टोकांना झाकणं. विक्रेता म्हणेल पाईप त्यात जातो. पाईप जातो, पण त्याच्या टोकांचे जोड पुष्कळदा जात नाहीत, कारण आतली जागा पुरती ४ इंचही नसते. मी ५ इंची चौकोनी प्लॅस्टिकचा कुंपणाचा खांब आणून ट्रेलरच्या पोटाला आडवा बांधून घेतला. त्यात जोडांसकट दोन १० फुटी आखडून बसतात. हवा खेळायला त्याला खालून भोकं पाडा. ५ फुटी आणि एल्बो झाकणाच्या डब्यात.

पाईपच्या जाडीत कंजूषी नको. पातळ व्हिनाइलचा पाईप एका मोसमात उन्हाने कडक होतो आणि वळीच्या कडेला टाचणीएवढी भोकं पडतात. ती दिसत नाहीत, पायावर जाणवतात. एल्बो मात्र पारदर्शक घ्या. पाणी स्वच्छ यायला लागलं की नाही हे कळायला दुसरा उपाय नाही.

जागाच चढावर असेल, तोंड ट्रेलरपेक्षा वर असेल, तर कितीही फुटांचा पाईप घ्या, उपयोग नाही. त्याला मॅसरेटर पंप लागतो, जो सगळं दळून बारीक नळीतून वर ढकलतो. घराच्या अंगणातून लांबच्या क्लीनआउटपर्यंत, म्हणजे घराच्या ड्रेनेजच्या झाकणाच्या तोंडापर्यंत, न्यायचं असेल त्यांना तो बरा. मला अजून लागलेला नाही.

आणि शेजाऱ्याचं भान. आपली डावी बाजू म्हणजे शेजाऱ्याची उजवी, आणि उजवीकडे त्याचं दार, त्याचं टेबल, त्याची शेगडी. पाईप ट्रेलरच्या पोटालगत न्या, त्याच्या अंगणाकडे पोट काढून नव्हे. तो ब्रेकफास्टला बसलेला असताना व्हॉल्व्ह ओढू नका, अर्धा तास थांबा.

नव्याने घेत असाल तर १० आणि १० चा एक संच, त्यासोबत आट्यांचा एल्बो आणि पारदर्शक एल्बो, आधार आणि हातमोजे. पहिल्या दोन-तीन फेऱ्या घराजवळच करा. आम्ही चेरी क्रीक स्टेट पार्कला जायचो, घरापासून वीस मिनिटांवर, जागेवर ड्रेनेज. काही विसरलं तर जाऊन आणता येतं. ५ फुटीची खरी गरज आहे का हे तिथेच कळेल.

घेतलात तर तो कुणाला उसना देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला मी माझा दिला होता, चार दिवसांसाठी. त्यांनी अगदी धुऊन, वाळवून परत आणला, आणि त्याच पिशवीत वर घरच्या चकल्यांचा डबा ठेवून दिला. नवऱ्याने त्या चकल्यांना हात लावला नाही. मी खाल्ल्या, डब्याचं झाकण घट्ट होतं.